बोट लागते तिथे बसही लागू द्या

मा. अध्यक्ष,
मुंबई बंदर प्राधिकरण,
बॅलार्ड इस्टेट, मुंबई यांस,



ऑक्टोबर उजाडला की मला नागपूर-संभाजीनगरकडून फोन सुरू होतात. दिवाळी जवळ आलेली असते, मुलांच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात आणि घरातल्या कुणीतरी समुद्रसफरीचे पैसे भरून टाकलेले असतात. प्रश्न दरवेळी तोच. “आमचं जहाज सकाळी सातला मुंबईत परत येतं. साडेनऊचं विमान स्वस्तात मिळतंय. काढून टाकू का तिकीट?” मी नको म्हणतो. पलीकडून लगेच हिशेब येतो, “अहो, मधे अडीच तास आहेत. मुंबईत एवढा वेळ लागतो?”

मुंबईत लागत नाही हो, बंदरात लागतो. जहाज धक्क्याला टेकल्यापासून माणूस बॅग ओढत दाराबाहेर येईपर्यंत किती वेळ जाईल, हे त्याच्या तिकिटावर नसतं. सहलीच्या रंगीत पत्रकावरही नसतं. तिथे असते ती फक्त जहाजाच्या आगमनाची वेळ, आणि भाबडा प्रवासी तीच आपली सुटकेची वेळ समजतो. हे पत्र जहाज कंपन्यांना लिहिता आलं असतं, विमान कंपन्यांनाही. पण जहाजं बदलतात, कंपन्या येतात-जातात. धक्का तुमचा आहे आणि तो इथेच राहणार आहे. म्हणून पत्र तुम्हाला.

आधी कौतुकाचं बोलतो, कारण ते खरं आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी इंदिरा डॉकच्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी, एका वेळी पाच जहाजं, तपासणीच्या ७२ खिडक्या, हे आकडे तेव्हा सगळीकडे छापून आले. त्यानंतर तीन आठवडे उलटायच्या आत, ८ ऑक्टोबरला, मेट्रो-३च्या आचार्य अत्रे चौक ते कफ परेड या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि भुयारी गाडी तुमच्या दारापासून दीड-दोन किलोमीटरवर, सीएसएमटीला, येऊन थांबू लागली. त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळाचंही उद्घाटन झालं. २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. म्हणजे एकाच पावसाळ्याच्या शेवटी या शहराला नवा धक्का, नवी भुयारी वाट आणि नवा विमानतळ अशी तीन टोकं मिळाली. तीन टोकांना जोडायचा दोरा मात्र इतका छोटा आहे, की त्याच्यासाठी कुणी फीत कापत नाही. त्या दोऱ्याबद्दलच मला लिहायचं आहे.

शहरात दबा धरून बसलेली वाहतूककोंडी आपलं विमान चुकवणार, असं बाहेरगावच्या माणसाला वाटतं. सकाळच्या बाबतीत हे तितकंसं खरं नाही. मुंबईची सकाळची गर्दी दक्षिणेकडे येते. लोकल, मोटारी, बस सगळे फोर्टाकडे तोंड करून असतात. जहाजातून उतरलेला माणूस नेमका उलट, उत्तरेकडे निघालेला असतो. पी. डी’मेलो रस्त्यावरून ऑरेंज गेटला पूर्व मुक्त मार्गावर चढलं, की चेंबूरपर्यंत सिग्नल नाही. हा १६.८ किलोमीटरचा मार्ग २०१३-१४ पासून वापरात आहे आणि त्याला टोल नाही. चेंबूरला उतरून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पश्चिमेकडे वळायचं. दुसरा पर्याय मरीन ड्राइव्हवरून किनारी रस्ता, वरळी, सागरी सेतू, वांद्रे. कुठूनही गेलं तरी सहार विमानतळाचं टर्मिनल-२ पंचवीस किलोमीटरच्या आसपास. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगद्याचं काम चालू आहे, तेव्हा त्या तोंडाशी थोडं रखडायला होतं हे कबूल. पण रस्त्याचा अंदाज बांधता येतो. मोबाइलवरचा नकाशा तो मिनिटांत सांगतो. जहाजाच्या पोटातून बाहेर यायला किती वेळ लागेल, हे मात्र कुठलाच नकाशा सांगत नाही.

ज्यांनी ही सकाळ कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. तुम्हाला हे पाठ असणार. पण हे पत्र खुलं आहे, वाचणारे इतरही आहेत. जहाज बंदराच्या तोंडाशी येतं तेव्हा बंदराचा पायलट समुद्रातच त्याच्यावर चढतो आणि कप्तानाला वाट दाखवत आत आणतो. टग बोटी जहाजाला रेटत, सावरत धक्क्याला लावतात. दोर बांधले जातात, गँगवे जोडला जातो. ‘सातला आगमन’ म्हणजे इथवरचं काम. त्यानंतर कागदपत्रं, अधिकाऱ्यांची मंजुरी, मग कुठे उतरण्याची घोषणा. तीही सगळ्यांसाठी एकदम नसते. दीड-दोन हजार माणसं एका अरुंद शिडीवरून उतरायची तर त्यांचे गट पाडावेच लागतात. आदल्या रात्री प्रत्येक खोलीला रंगाची नाहीतर आकड्याची चिठ्ठी मिळते आणि त्या क्रमाने बोलावलं जातं. मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात. (दर सफरीत एखादा तरी गृहस्थ सगळे कपडे त्या बॅगेत भरून मोकळा होतो आणि सकाळी नाइट ड्रेसवर टर्मिनलमध्ये अवतरतो.) या बॅगा जहाजाच्या तळातून टर्मिनलवर यायच्या, तिथे मांडल्या जायच्या, चारशे काळ्या बॅगांतून आपली ओळखायची, तपासणीतून न्यायची. परदेशातून आलेलं जहाज असेल तर इमिग्रेशन आणि कस्टमची रांग वेगळी. देशांतर्गत सफरीत हा ताप कमी, पण शिडी तेवढीच अरुंद.

पहिला गट जहाज लागल्यावर तासाभरात बाहेर पडतो. शेवटचा गट येईपर्यंत साडेनऊ-दहा वाजू शकतात. हे जगभर असंच चालतं, यात मुंबई बंदराचा वेगळा दोष नाही. आता विमानाची बाजू. देशातल्या बहुतेक कंपन्यांच्या खिडक्या उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतात. साडेनऊच्या विमानासाठी साडेआठला बॅग पट्ट्यावर गेलेली हवी. सातला लागलेल्या जहाजातला माणूस पावणेआठला जरी बंदराच्या ग्रीन गेटबाहेर आला, तरी पाऊण तासात सहारला पोचून रांगेतून बॅग पार करणं म्हणजे सट्टा. आठला आला तर सट्टाही नाही. माझा स्वतःचा ठोकताळा, जो मी फोनवर सगळ्यांना सांगतो: जहाज सातचं असेल तर बाराच्या आधीचं तिकीट काढू नये, आणि परदेशाचं विमान असेल तर दुपारी दोनच्या आधीचं.

पण हा ठोकताळा माझ्यासारख्या हौशी माणसाने का सांगावा? कोणतं जहाज किती वाजता लागलं, पहिला प्रवासी किती वाजता बाहेर पडला, शेवटचा किती वाजता, याची नोंद धक्क्यावरच्या कुणालाही सहज ठेवता येईल. एका मोसमाची नोंद समोर असली की सांगता येईल: अमुक आकाराचं जहाज, देशांतर्गत सफर, इतक्या मिनिटांत अर्धे प्रवासी बाहेर, इतक्या मिनिटांत सगळे. हे टर्मिनलच्या संकेतस्थळावर ठेवा, जहाज कंपन्यांना द्या, तिकिटावर छापायला सांगा. ७२ खिडक्यांचा आकडा आम्हाला पाठ झाला आहे. आता शिडीपासून दारापर्यंतच्या मिनिटांचा आकडा हवा आहे.

दुसरी गोष्ट दाराबाहेरची.

मेट्रो-३चं मला अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, कुठूनही कुठेही गेलं तरी भाडं जास्तीत जास्त सत्तर रुपये. सीएसएमटीहून बसलं की टर्मिनल-१ आणि टर्मिनल-२ या दोन्ही ठिकाणी थेट, मधे गाडी बदलायची नाही. टर्मिनल-२ला साधारण चाळीस मिनिटं. रस्त्यावर मोर्चा असो की मंत्र्यांचा ताफा, खाली फरक पडत नाही. जानेवारीतला तिसरा रविवार घ्या. मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीपासूनच सुटते, फोर्टातले रस्ते सकाळभर बंद असतात आणि तो जहाजांचा ऐन मोसम असतो. त्या दिवशी टॅक्सीवर विसंबलेला माणूस गाडीत बसून धावणाऱ्यांना टाळ्या वाजवण्यापलीकडे काही करू शकत नाही. रविवारी लोकलचे मेगाब्लॉक तर ठरलेलेच. अशा दिवशी भुयारी गाडीइतका खात्रीचा दुसरा आधार नाही.

फक्त त्या गाडीपर्यंत पोचायचं कसं? बॅलार्ड इस्टेटमधले नोकरदार सीएसएमटीहून रोज चालत येतात-जातात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. पण सत्तरीची आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, दोन पोरं आणि चार बॅगा घेऊन पी. डी’मेलो रस्ता ओलांडणं हा वेगळा खेळ आहे. नागपूरकर बिचारा बाहेर येऊन रिक्षा शोधतो. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत हे त्याला कोण सांगणार? आणि काळी-पिवळीवाल्याला सीएसएमटी एवढंच सांगितलं तर तो ज्या नजरेने बघतो, ती मुंबईकराने अनेकदा झेललेली आहे. त्याचंही चुकत नाही. जहाज आलेल्या सकाळी त्याला सहारचं भाडं मिळणार असतं, दीड किलोमीटरसाठी तो रांगेतला नंबर का घालवील?

तेव्हा मागणं एका बसचं आहे. टर्मिनलच्या दारातून निघेल आणि सीएसएमटी मेट्रोच्या लिफ्ट असलेल्या दाराशीच सोडेल अशी छोटी बस. बॅगा ठेवायला मागे जागा, चढायला खालची पायरी. तिला रोजचं वेळापत्रक नको, जहाजाचं वेळापत्रक हवं. पहिला प्रवासी बाहेर आला की पहिली बस सुटेल, शेवटचा आला की शेवटची. जहाज उशिरा आलं तर बस थांबेल. बेस्टच्या वातानुकूलित बसचं किमान भाडं मे २०२५ पासून बारा रुपये आहे. समुद्रावर हजारो रुपये खर्च करून आलेला माणूस याच्या तिप्पटही आनंदाने देईल. तेव्हा पैशाचा प्रश्न नाही.

हे काही अद्भुत सांगत नाहीये. तुमच्याच बंदराच्या पाण्यातून गेटवेहून मांडव्याला बोटी सुटतात. मांडव्याला उतरलं की अलिबागची बस उभी असते; कित्येक बोटींच्या तिकिटातच तिचं भाडं धरलेलं असतं. माणसं बोटीतून उतरतात आणि सरळ बसमध्ये चढतात. बोटीला उशीर झाला तर बसवाला बोटीकडे बघत बसतो, निघून जात नाही. वर्षानुवर्षं हे चाललं आहे आणि यासाठी कुणी सल्लागार नेमल्याचं ऐकिवात नाही. कोकणाकडे जाणाऱ्या माणसाला जे मिळतं, ते मुंबईत उतरणाऱ्याला का मिळू नये?

जुन्या काळी तर तुमच्याच धक्क्यावर याहून मोठी सोय होती. बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशन तिथे होतं. विलायतेहून टपालबोट आली की साहेब लोक बोटीतून उतरून थोडी पावलं चालत थेट आगगाडीत बसायचे. १९१२ साली सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, टपालबोटींच्या दिवशी या धक्क्यावरून पेशावरसाठी निघायची. सुमारे अडीच हजार किलोमीटर, सत्तेचाळीस तास. पुढे १९२८मध्ये फ्रंटियर मेल आली, तिचीही बोटींच्या मोसमात इथून सुटण्याची सोय होती. गोऱ्या साहेबाची सोय होती ती, आपल्या लोकांची नव्हे, हे मान्य. ती पुन्हा रुळांवर आणा असंही मी म्हणत नाही. पण जहाज आणि पुढचा प्रवास यांची वेळ एकमेकांशी बांधलेली असावी, ही गोष्ट तुमच्या संस्थेने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवली आहे. पेशावरपर्यंतची गाठ मारता येत होती. सीएसएमटीपर्यंतची मारता येईल.

परदेशाचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही, कारण आपल्याकडे ते दिले की चर्चा भलतीकडेच जाते. तरी दोन-तीन देतो, कारण तिथे आपलीच माणसं हल्ली जाऊन आलेली असतात. मुलाकडे अमेरिकेला गेलेले आईवडील अलास्काची सफर करून व्हँकूव्हरला उतरतात. कॅनडा प्लेसच्या धक्क्यापासून काही मिनिटं चाललं की वॉटरफ्रंट स्टेशन, तिथून कॅनडा लाइनने अर्ध्या तासाच्या आत विमानतळ. सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटर २०१२ साली झालं, दोन वर्षांनी त्याच्या शेजारी मरीना साउथ पिअर हे मेट्रोचं स्थानक उघडलं. या दोन्ही शहरांत धक्का आणि स्टेशन जवळजवळच आहेत, म्हणून तो दाखला आपल्याला पुरता लागू होत नाही. बार्सिलोनाचा लागू होतो. तिथेही धक्के शहरापासून जरा लांब, चालत जाणं गैरसोयीचं. म्हणून जहाजांच्या दिवशी धक्क्यांपासून कोलंबसाच्या पुतळ्यापर्यंत निळी बस धावते. एवढीच तिची मजल, जेमतेम दोन-तीन किलोमीटर. पुढे मेट्रो, विमानतळाची बस, टॅक्सी, ज्याला जे हवं ते. मुंबईला नेमकं हेच हवं आहे.

आता आणखी एक अडचण, जी वरवर क्षुल्लक वाटते आणि सगळ्यात जास्त विमानं तीच चुकवेल असा माझा अंदाज आहे. मुंबईहून विमान म्हणजे कुठून? सांताक्रूझचं टर्मिनल-१, सहारचं टर्मिनल-२ आणि आता नवी मुंबई. पहिल्या दोघांमधली गफलत निस्तरता येते, मेट्रोने दोन स्थानकांचा फरक. तिसऱ्याची दिशाच वेगळी. त्या विमानतळासाठी मुक्त मार्गाने शिवडी, तिथून अटल सेतू, मग उलवे. धक्क्यापासून चाळीसेक किलोमीटर, आणि मोटारीला सेतूचा एकेरी टोल अडीचशे रुपये. तिथे मेट्रो-३ काही कामाची नाही. अंतर थोडं जास्त असलं तरी सकाळी हा रस्ता सहारपेक्षा मोकळा मिळतो आणि दक्षिण मुंबईच्या धक्क्यावरून तो विमानतळ मला तरी जास्त सरळ वाटतो. पण माणूस चुकून सहारला पोचला आणि तिकीट नवी मुंबईचं निघालं, तर विमान गेलंच समजायचं.

गोव्यात हा धडा लोकांनी आधीच गिरवला आहे. मुंबईहून जहाजाने जाऊन मुरगाव बंदरात उतरलं की दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर, वास्कोहून तर शहरातल्या शहरात गेल्यासारखं. पण जानेवारी २०२३ पासून मोपालाही विमानं उतरू लागली आणि तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’च लिहिलेलं. मोपा पेडण्यात, राज्याच्या पार उत्तर टोकाला. वास्कोहून तिथे जायचं म्हणजे जुवारी आणि मांडवी दोन्ही ओलांडून सगळा गोवा पार करायचा. वीस मिनिटांच्या तयारीने निघालेल्या माणसाला दीड तासाचा रस्ता समोर दिसतो, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळतं. मुंबईत ही गफलत आता कुठे सुरू होते आहे.

यावर उपाय एक फलक आहे. जिथे बॅगा घेऊन माणूस बाहेर वळतो, तिथे चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत: टर्मिनल-१, टर्मिनल-२ आणि नवी मुंबई, प्रत्येकासाठी कुठून काय मिळेल, त्या क्षणी किती वेळ लागतो आहे, टॅक्सीचं ठरलेलं भाडं किती. शेजारी एक जिवंत माणूस, जो तिकीट हातात घेऊन “काका, तुमचं विमान नवी मुंबईहून आहे” असं सांगू शकेल. क्यूआर कोड चिकटवून तुम्ही मोकळे होऊ नका, ही हात जोडून विनंती. आजी-आजोबांना तो कोड नको असतो, उत्तर हवं असतं. शिवाय समुद्रावर तीन दिवस नेट नसलेला फोन धक्क्यावर आल्यावर सगळे जुने निरोप उतरवून घेण्यातच गुंतलेला असतो.

काही मंडळी म्हणतील, एवढी घाई कशाला, विमान संध्याकाळचं घ्या की. मी त्याच पक्षाचा आहे. पण संध्याकाळच्या विमानाचा माणूस सकाळी साडेनऊपासून बॅगा सांभाळत कुठे बसणार? टर्मिनलमध्ये चोख सामानघर असावं, चार-सहा तासांचं भाडं घेऊन बॅगा ठेवून घेणारं, हे माझं चौथं मागणं. बॅगा एकदा खांद्यावरून उतरल्या की तुमचा परिसर म्हणजे मेजवानी आहे. ज्या जॉर्ज विटेटने बॅलार्ड इस्टेटच्या या दगडी इमारतींची आखणी केली, त्याचंच गेटवे ऑफ इंडिया, त्याचंच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिन्ही एका सकाळच्या पायी फेरीत होतात. अलेक्झांड्रा डॉक, आताचं इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीची भर घालून ही बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, हे चालता चालता मुलांना सांगता येतं. दुपारी बॅलार्ड इस्टेटमधल्याच १९२३ सालच्या इराणी खानावळीत बेरी पुलाव. मग बॅगा घ्या, बसने सीएसएमटी गाठा, मेट्रोत बसा. नागपूरचं कुटुंब मुंबई बघून जाईल, शहराला चार पैसे मिळतील आणि सकाळच्या शिडीवरची रेटारेटी आपोआप कमी होईल, कारण अर्ध्या लोकांना घाईच उरणार नाही.

ज्यांना खरोखर दुपारचं विमान गाठायचंच आहे, त्यांच्यासाठी उतरण्याचा पहिला गट राखून ठेवायला जहाज कंपन्यांना सांगा. हे काम त्यांचं आहे, तुमचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण धक्का देताना चार अटी घालायचा अधिकार तुमचा आहे. तिकीट दाखवा, पहिली चिठ्ठी घ्या, इतकं सोपं. आणि ज्यांनी साडेनऊचं तिकीट काढलं आहे, त्यांना जहाजावर चढण्याआधीच स्पष्ट सांगा की हे जमणार नाही, बदलून घ्या. सहल विकणाऱ्या मंडळींचीही यात जबाबदारी आहे. सफर विकताना समुद्रावरचा सूर्यास्त दाखवतात, तसं परतीच्या सकाळचं वेळापत्रकही दाखवावं. गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने ‘बघू, मिळेल’ म्हणणारा एजंट गिऱ्हाइकाला दुसरं तिकीट काढायला लावतो.

महोदय, मी मागितलेल्या गोष्टींत एकही वीट लावायची नाही. टर्मिनल उभं आहे, मेट्रो धावते आहे, सेतू आहे, दोन विमानतळ आहेत. मिनिटांची नोंद, एक छोटी बस, एक फलक आणि त्याच्याजवळ एक माणूस, बॅगांची एक खोली. यातलं बसचं काम बेस्ट आणि मेट्रोच्या अधिकाऱ्यांना एकदा समोर बसवलं तर एका बैठकीत ठरण्यासारखं आहे. जहाजांचा मोसम पाऊस संपल्यावर सुरू होतो. ती बैठक पावसाळा संपायच्या आत घ्यावी, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
फोर्टात रोज येणारा एक मुंबईकर